ज्ञानगंगा अभयारण्य : वाटेवरच्या जंगलाची वाटचाल

बुलढाणा जिल्ह्यात कुणाचे गाव विचारले, की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : घाटावरचे की घाटाखालचे? चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मोताळा, मलकापूर, खामगाव घाटाखाली. या दोहोंना जोडणाऱ्या अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर सुमारे 205 चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य पसरले आहे. बुलढाण्याहून खामगावला जाणारी एसटी बोथ्याचे जंगल ओलांडते, ते जंगल हेच.

हा डोंगर पाण्याचीही वाटणी करतो. ज्ञानगंगा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीतून अरबी समुद्राकडे जाते. याच रांगेत, बुलढाणा तालुक्यातल्या मढजवळ उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेची वाट धरते आणि वर्धा-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला जाते. पुढे घाटाखाली गेरू माटरगावला ज्ञानगंगेवर धरण झाले. खामगाव शहराच्या नळाला येणारे पाणी तिथले. म्हणजे ज्यांनी हे जंगल कधी पाहिले नाही, तेही रोज त्याचे पाणी पितात.

इंग्रजी अमलात जंगलाचा हिशेब वेगळा होता. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. कापसाच्या मागोमाग रेल्वे आली आणि 1867 पर्यंत मुंबई-नागपूर मार्ग पुरा झाला. स्लीपर, इमारती लाकूड आणि जळण यांची मागणी वाढली, तसे सरकारने वऱ्हाडातले जंगल राखीव करून त्याचे तीन वर्ग पाडले. एक इमारती लाकडासाठी, दुसरा गवताच्या रमण्यांसाठी आणि तिसरा चराईसाठी. जंगलातून काय काढता येईल, एवढाच त्या विभागणीचा निकष होता. तिथे राहणाऱ्या प्राण्यांचे खाते त्यात नव्हते.

ते उघडायला बराच काळ जावा लागला. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत शेजारच्या मेळघाटाची निवड झाली. बुलढाण्याची पाळी आली 1997 मध्ये. त्या वर्षी ज्ञानगंगा आणि सातपुड्याच्या कुशीतले संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा ही दोन अभयारण्ये जाहीर झाली. 2000 मध्ये लोणारच्या विवराभोवतीचे जंगल अभयारण्य झाले आणि कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात तीन अभयारण्ये झाली. लोणार सरोवराला 2020 मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. अंबाबरवा मेळघाट व्याघ्र प्रकल्पात सामील झाले. ज्ञानगंगा या दोघांच्या मधले. त्याच्याकडे विवराची कीर्ती नव्हती आणि वाघही नव्हता. अकोला वन्यजीव विभागाच्या देखरेखीखाली त्याचा कारभार फारसा गाजावाजा न होता चालू राहिला.

होते ते अस्वल. ज्ञानगंगाचा खरा रहिवासी तोच. साग, सालई, धावडा, तेंदू, मोह असे हे पानगळीचे रान. खडकाळ उतारांवर वारुळे भरपूर, जांभळे-बोरे-मोहफुले हंगामाप्रमाणे हजर. अस्वलाला आणखी काय हवे? त्याच्या जोडीला बिबट्या, तडस, नीलगाय, चितळ, भेकर, रानडुक्कर आणि मोर. पण अस्वलाशी गावकऱ्यांचे नाते सोपे नाही. मोहफुले वेचायला माणूस पहाटे जातो आणि अस्वलाचीही वेळ तीच. आसपासच्या गावांत अस्वलाच्या हल्ल्याची बातमी नवी नसते. अभयारण्याच्या पोटात देव्हारीसारखे गाव आहे आणि त्याच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत राहिला आहे. वाटचालीचा हा अध्याय कागदोपत्री यशात येत नाही, पण त्याच्याशिवाय ती पुरी होत नाही.

2019 च्या डिसेंबरात मात्र सगळ्यांच्या नजरा इकडे वळल्या. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ ज्ञानगंगात दाखल झाला. अभ्यासकांच्या नोंदीत त्याचे नाव टी1-सी1, लोकांच्या तोंडी नुसते 'सी-वन'. जून 2019 मध्ये त्याने टिपेश्वर सोडले होते. तेलंगणाचा काही भाग आणि मराठवाडा-विदर्भातले जिल्हे ओलांडत तो इथे पोहोचला, तेव्हा त्याच्या चालण्याची नोंद सुमारे 1,300 किलोमीटर झाली होती. पुढच्या भटकंतीसह हा आकडा 3,000 च्या वर गेला. भारतात नोंद झालेल्या वाघांच्या प्रवासांत इतका लांबचा दुसरा नव्हता. ओढे-नाले, झुडपी माळ आणि उभी पिके यांच्या आडोशाने, बहुतेक रात्रीच्या चालीने त्याने ही मजल मारली.

त्याच्यासाठी वाघीण आणावी का, यावर वाद झाला. एक वाघ आला म्हणजे इथे वाघांचे कुटुंब नांदेलच असे नाही, हे भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांचे म्हणणे होते. जंगल लहान, चहूकडे शेती. बछडे मोठे झाल्यावर जाणार कुठे? एप्रिल 2020 मध्ये त्याची कॉलर काढण्यात आली आणि मार्च 2021 मध्ये तो अजिंठ्याच्या रांगेतच, पश्चिमेला गौताळा औट्रमघाट अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. म्हणजे ज्ञानगंगाही त्याच्या वाटेवरचा एक मुक्काम ठरले.

याचे अनेकांना वाईट वाटले. वाटायला नको होते. टिपेश्वर आणि गौताळा यांच्यामधला एवढा मोठा मुलूख शेतीचा आहे, आणि त्यात एखाद्या वाघाला काही महिने पाणी, सावली, शिकार मिळेल अशी जागा ज्ञानगंगाने टिकवून ठेवली होती. अभयारण्याच्या पहिल्या दोन दशकांच्या राखणीची ही पावतीच म्हणायची.

पर्यटकाने इथे यावे ते हे ध्यानात ठेवून. पलढग धरणाचा जलाशय आणि त्यामागचे डोंगर पावसाळ्यानंतर डोळे निववतात. होळीच्या सुमारास पळस पेटतो. एप्रिल-मेमध्ये पाने झडलेली असतात आणि जनावरे पाणवठ्यावर येतात, तेव्हा ती दिसण्याची शक्यता सर्वाधिक. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते मचाणावर बसून प्राणी पाहण्याची संधी देते. रात्रभर चांदण्यात गप्प बसायची तयारी हवी. वाघच पाहायचा असेल त्याने ताडोबाला जावे; इथे अस्वल दिसले तरी फेरी सार्थकी लागली समजावे. आणि बोथ्याच्या रस्त्यावर गाडी हळू चालवावी. हा रस्ता प्राण्यांच्या मुलखातून जातो.

पुढचा टप्पा अभयारण्याच्या हद्दीबाहेर ठरणार आहे. सी-वन आला तेव्हा समृद्धी महामार्गाचे काम चालू होते. डिसेंबर 2022 मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तो याच जिल्ह्यातून मेहकर, सिंदखेड राजा भागातून जातो, त्यामुळे पैनगंगेच्या खालच्या खोऱ्यातून येणाऱ्या प्राण्याला तो ओलांडल्यावाचून ज्ञानगंगा गाठता येत नाही. महामार्गावर वन्यजीवांसाठी भुयारी आणि वरून जाणारे मार्ग ठेवले आहेत. पण त्या मार्गांच्या दोन्ही तोंडांशी नाल्याची झाडी उरली नाही, झुडपी माळ नांगरला गेला, तर प्राणी तिथवर पोहोचणार कसा? तेव्हा ज्ञानगंगाचा यापुढचा अहवाल लिहिताना आत किती बिबटे, किती अस्वले मोजली याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा : बाहेरचे किती ओढे, किती झुडपी रान अजून चालत येण्याजोगे राहिले. तो रकाना वनखात्याला एकट्याने भरता येणार नाही. महसूल खाते, रस्ते बांधणारे आणि बांधावरची झाडी राखायची की तोडायची हे ठरवणारा शेतकरी, या सगळ्यांचा त्यात हात असेल.