माळवद, पणती आणि विजेची माळ

वाचकहो, दिवाळी आली की घरात पहिली हालचाल कशाची होते? फराळाची, असे आपण म्हणाल. पण खेड्यातली जाणती बाई सांगेल, की नाही, पहिल्यांदा मातीची होते. चार महिने पावसाने भिंती ओल्या केलेल्या असतात, पोपडे निघालेले असतात, उंदरांनी कोपरे पोखरलेले असतात. ते सारं बुजवायचं, लिंपायचं, सारवायचं आणि मग दिवा लावायचा. या घरदुरुस्तीला गवंडी नाही, सुतार नाही. घरचीच माणसं, घरचेच हात. हिचा इतिहास कोणत्या बखरीत मिळायचा नाही, पण तो आहे, आणि आपल्या जालना जिल्ह्यात तो चांगला जुना आहे.

जिल्हा म्हणून जालना तसा तरुण. 1 मे 1981 रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतले तालुके एकत्र करून तो झाला. पण वस्तीचे म्हणाल तर भोकरदनकडे पाहा. प्राचीन लेखांत ज्याला भोगवर्धन म्हटले आहे ते नगर हेच. 1973 साली तिथे उत्खनन झाले आणि सातवाहनांच्या काळातले नांदते गाव उजेडात आले. तिथे मिळालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात 1938 साली सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. म्हणजे इथला कारागीर किंवा त्याचा माल किती दूर पोहोचला होता पाहा!

आता गंमत अशी, की अशा जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपण ‘पांढर’ म्हणतो, आणि घराच्या छपराला हवी असते ती पांढरी माती नेमकी तिथलीच. पिढ्यान् पिढ्या लोकांनी पांढर खणली आणि गाड्या भरभरून घरी नेली. तिच्याबरोबर जुनी खापरे, मणी, काय काय गेले असेल कोण जाणे. आमचा इतिहास पुस्तकात कमी आणि छपरावर जास्त, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

मराठवाड्याचे खरे घर माळवदाचे. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, मग पालापाचोळा आणि वर मातीचा जाड थर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर केवढे तर पाच खणांचे, सात खणांचे, असा हिशेब. ऐन वैशाखात बाहेर अंग भाजत असले तरी आत गार. वर वाळवण घाला, रात्री अंथरूण टाका. पाणी जायला कडेला पन्हाळ.

या माळवदाला वर्षातून एकदा हात लावावाच लागे. मृग लागायच्या आत पुरुष मंडळी वर चढत, उगवलेले गवत उपटत, भेगा बुजवत, आणि नवी माती पसरून ती धुम्मसाने ठोकून घट्ट करत. दिवाळीच्या आधीचे काम बायकांचे. शेणमातीचा गिलावा, चुन्याची किंवा पांढऱ्या मातीची सफेदी, खाली गेरूचा पट्टा, चुन्यात चिमूटभर नीळ. चिंधीचे पोतेरे हाच त्यांचा ब्रश. उंबरठ्यापासून परसापर्यंत एकसारखा हात फिरलेला असे. या कामाला कोणी कारागिरी म्हटले नाही, कारण त्याची मजुरी कोणी मोजली नाही. ही चूकच आहे.

पण माळवदाचा एक हिशेब कोणी केला नव्हता. दरसाल नवी माती वर जाई. जुनी खाली कोण काढतो? गळती थांबली की झाले. अशी भर पडत पडत थर दोन फुटांवर गेला. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब खोली घ्या. दोन फूट जाडीने तीनशे घनफूट माती झाली. घनफुटाला शंभर पौंड धरा. तीस हजार पौंड! म्हणजे साडेतेरा टन वजन, आणि खाली मुलेबाळे निजलेली.

हा हिशेब 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास निसर्गाने मांडला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसे घरात झोपली होती. आपल्या दक्षिणेला, लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला, आणि आठ ते दहा हजार माणसे गेली. भूकंप 6.2 तीव्रतेचा. जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ होतात. इतकी माणसे दर वेळी मरत नाहीत. मारले ते भिंतींनी आणि छपरांनी. दगडाच्या भिंती तीन-तीन फूट रुंद, पण आतल्या आणि बाहेरच्या पदराला बांधणारा आरपार दगड नाही. मध्ये नुसता दगडगोटा आणि मातीचा गारा. धक्का बसताच दोन्ही पदर फाकले. काही घरांत मात्र भिंती पडूनही लाकडी सांगाडा खांबांवर उभा राहिला. खांब-तुळईचे जुने शहाणपण खोटे नव्हते. वरचे ओझे आणि बाजूची सैल भिंत यांनी घात केला.

त्यानंतरच्या पुनर्वसनात नवी गावे वसली, तशी लाखाहून अधिक जुनी घरे दुरुस्त करून मजबूत करण्यात आली, आणि यातले पुष्कळ काम घरमालकांनी स्वतः उभे राहून करून घेतले. छपरावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, वरून सगळ्या भिंतींना बांधणारा पट्टा द्या, ही त्यातली मुख्य कलमे. जी माती आजोबांनी हौसेने वर नेली, ती नातवाने टोपल्या टोपल्यांनी खाली आणली. धास्तीने अनेकांनी माळवद सोडून पत्रा घातला. उन्हाळ्यात तापतो, पावसात कानठळ्या बसवतो. पण हलका आहे.

आता दिव्यांकडे वळू. पणती कुंभाराची, वात घरच्या कापसाची, तेल करडईचे किंवा जवसाचे. कामट्या, रंगीत ताव आणि पिठाची खळ यांतून आकाशकंदील. गुरांना ओवाळायला मुले लव्हाळ्याची दिवटी विणत. मातीच्या माळवदाच्या कडेला पणत्यांची ओळ लावली तर पेटायला काही नसे. छपराच्या झोपडीला मात्र तीच पणती वैरीण. 1900 च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यावरून गेली. पुढे रॉकेलचे डबे घरोघर दिसू लागले. तेल संपले की डबा कापून कोणी दाराला ठोकला, कोणी गळक्या कोपऱ्यावर घातला.

विजेची माळ ही अमेरिकेची कल्पना. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी 1882 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला आपल्या नाताळच्या झाडावर ऐंशी रंगीत दिवे लावले. आपल्याकडे राज्य वीज मंडळ 1960 मध्ये झाले आणि पुढच्या दशकांत खेड्यांत तारा पोहोचल्या. मग हौशी पोरांनी बॅटरीचे बल्ब आणून घरीच माळा जोडल्या. सहा व्होल्टचे अडतीस-चाळीस बल्ब एकामागून एक जोडले की घरातले 230 व्होल्ट त्यांत वाटले जात. एक बल्ब गेला की सगळी माळ आंधळी. मग एक चांगला बल्ब घेऊन क्रमाने प्रत्येक जागी लावून पाहायचा. इथेच धोका होता, कारण माळ विझलेली दिसली तरी तुटल्या जागी पुरते 230 व्होल्ट उभे असत. बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा लागतो.

आता एलईडी आले. निळ्या एलईडीसाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना 2014 चे नोबेल मिळाले, आणि पांढरा उजेड त्यातूनच शक्य झाला. वीज कमी, उष्णता कमी; पण माळ थेट मुख्य विजेवर चालणारी असेल तर तार उघडी पडल्यावर झटका पूर्वीइतकाच. आणि आपले छप्पर आता पत्र्याचे! पत्र्याची कड सुरीसारखी असते. वाऱ्याने माळ हलते, वेष्टण घासते, आणि एके रात्री सारा पत्रा, त्याला टेकलेला लोखंडी खांब आणि कपडे वाळवायची तार, सगळ्यांत वीज उतरते. म्हणून माळ पत्र्यावर टाकू नका. लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर बांधा, जोड पावसाच्या थेंबाखाली ठेवू नका, आणि गळतीची वीज ओळखून पुरवठा तोडणारी तीस मिलिअँपिअरची कळ मीटरजवळ वायरमनकडून बसवून घ्या. हे एवढे एक काम मात्र घरच्या हातांनी करू नये.