महाराजांची शाळा कुठली?

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन शिवनेरीवर गेलो होतो. खरं तर तिची तिसरी खेप, पण पहिल्या दोन्ही वेळा ती कडेवर होती, त्यामुळे तिच्या हिशोबात ही पहिलीच. सात दरवाजे, शिवाई देवी, जन्मस्थानाची इमारत, तिथला पाळणा, सगळं रीतसर बघून झालं. बदामी तलावाजवळ डबा खाताना बाईसाहेबांनी विचारलं, "बाबा, महाराज इथून शाळेत कुठे जायचे?"

तिला सध्या जगातल्या प्रत्येक माणसाची शाळा कुठली ते हवं असतं, कारण तिची स्वतःची बदलणार आहे. मला कंपनी तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवतेय. गेले दोन महिने आमच्या घरात एक एक्सेल शीट फिरतंय. एक आयबीवाली इंटरनॅशनल स्कूल, एक ब्रिटिश अभ्यासक्रमाची इंटरनॅशनल स्कूल आणि तिसरी घराजवळची जर्मन सरकारी प्राथमिक शाळा, जी फुकट आहे. पहिल्या दोघींची फी कंपनी भरणार, पण तीनच वर्षं. फीचे आकडे पाहून मला आधी वाटलं रुपयांत असतील. युरोत होते.

शिवनेरीवरून उतरून घोडेगावला घरी गेलो. आबा (माझे वडील, आंबेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून आयुष्यभर मास्तरकी केली) यांना कौतुकाने शीट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "परत आल्यावर पोरीला कुठल्या वर्गात घालणार?"

त्याचा कॉलमच नव्हता.

असो. आधी लेकीच्या प्रश्नाचं उत्तर. मी तिला तिथे काहीतरी थातुरमातुर सांगितलं, पण मग दोन वीकेंड त्यातच गेले.

शहाजीराजांचं घर म्हणजे सतत बदली होणारं घर. निजामशाही, आदिलशाही, मध्ये काही काळ मोगल, पुन्हा निजामशाही. 19 फेब्रुवारी 1630 ला शिवनेरीवर मुलगा झाला तेव्हाही वडील धामधुमीतच होते. 1636 मध्ये माहुलीला त्यांना शरण जावं लागलं, निजामशाही संपली, आणि तहात शिवनेरी-जुन्नर मोगलांकडे गेलं. म्हणजे सहा वर्षांच्या पोराचं जन्मगाव परमुलखात! शहाजीराजे आदिलशाहीच्या नोकरीत शिरले आणि कर्नाटकात रवाना झाले. 1638 च्या सुमारास बंगळूर घेतलं गेलं आणि ते त्यांच्या जहागिरीचं ठाणं झालं. (आमच्या निम्म्या बॅचच्या बरंच आधी एक मराठी माणूस नोकरीसाठी बंगळूरला सेटल झाला तो असा.)

आता बंगळूरचा दरबार म्हणजे शिक्षणाला उत्तम जागा. जयराम पिंड्ये नावाच्या कवीने 'राधामाधवविलासचंपू'त त्याचं वर्णन केलंय. हा गृहस्थ स्वतः बारा भाषांत कविता करायचा आणि दरबारात निरनिराळ्या भाषांचे कवी हजेरी लावायचे. आजच्या माहितीपत्रकात 'मल्टिलिंग्वल एन्व्हायर्नमेंट' म्हणून छापतात ते हेच. जिजाबाई आणि शिवाजीराजे काही काळ तिथे होते. तरीही शहाजीराजांनी धाकट्या मुलाला साधारण बाराव्या वर्षी पुण्याला परत पाठवलं. थोरला संभाजी मात्र वडिलांजवळ राहिला.

परमानंदाच्या 'शिवभारता'त या पाठवणीची यादीच आहे. हत्ती, घोडे, पायदळ, विश्वासू अमात्य, ध्वज, खजिना. आणि त्याच यादीत नावाजलेले अध्यापक! मी इथे थांबलो. शाळा निवडून मूल तिकडे धाडलं नाही, मूल कुठे राहणार ते आधी ठरवलं आणि शाळा त्याच्याबरोबर बांधून दिली. पुण्याची जहागीर होती, ती पुढे त्या मुलाने सांभाळायची होती. माझ्या मते इथे शहाजीराजांनी आबांचाच प्रश्न विचारला, फक्त उलट्या बाजूने.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण एक बारीक गोष्ट. शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती, जिजाबाईंचीही. मुलाची संस्कृतात. एका पिढीत घराची 'ऑफिशियल लँग्वेज' बदलली. आणि जन्मगावाला महाराज परत आले ते 1657 मध्ये, रात्री तटाला शिड्या लावून. जुन्नरच्या मोगली ठाण्यातून तीन लाख होन आणि दोनशे घोडे घेऊन गेले. शिवनेरी मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. लेकीला शिड्यांची गोष्ट फार आवडली.

या घराची दुसरी पाती परतलीच नाही, आणि मला खरं म्हणजे तिचीच गोष्ट जास्त भिडली. सावत्र भाऊ व्यंकोजी 1675-76 च्या सुमारास तंजावरला राजे झाले. तमिळ मुलखात मराठी घर. शंभर वर्षांनी त्या गादीवर दत्तक आलेले सरफोजी, जन्म 1777. दत्तक घेणाऱ्या तुळजाजींनी दहा वर्षांच्या या मुलाला सोपवलं ते श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या हाती. घरातल्या वारसाच्या भांडणात जीव सुरक्षित नाही म्हणून 1793 मध्ये मुलाला मद्रासला हलवलं, पुढचं शिक्षण तिथे. मराठी राजपुत्र, जर्मन गुरू, इंग्रजांचं शहर, भोवती तमिळ. आयबीवाल्यांनी फोटो छापावा असा विद्यार्थी.

शिक्षण खरोखर उत्तम झालं. पण 1798 मध्ये गादी मिळाली आणि 1799 मध्ये कंपनीशी करार होऊन राज्यकारभार गेला. त्यांच्या हाती उरला तंजावरचा किल्ला. ज्या कामासाठी शिकवलं ते कामच शिल्लक नाही! मग या माणसाने सगळी विद्या ग्रंथालयात, वैद्यकात, शाळांमध्ये ओतली. 1803 मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा भला मोठा इतिहास कोरून घेतला, तो मराठीत. 1805 च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि त्यातून इसापनीतीचं मराठी पुस्तक निघालं, 'बालबोधमुक्तावली'. मुंबई-पुण्यात मराठी पुस्तकं छापायची नीट सुरुवातही झाली नव्हती तेव्हा, तंजावरात, मुलांसाठी. सव्वाशे वर्षं परमुलखात काढल्यावर मराठी टिकवायला छापखाना लागतो, हे वाचून मी शीट बंद करून चहा करायला उठलो.

आधुनिक इंटरनॅशनल शाळा निघाली ती 1924 मध्ये जिनिव्हात, राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतल्या लोकांच्या मुलांसाठी. आयबी आली 1968 मध्ये. कल्पना सरळ होती : आईबापांची बदली झाली तरी पोराचं सर्टिफिकेट सगळीकडे चालावं. वाईट काहीच नाही. (पुणे-नाशिक हायवेवर दिसणाऱ्या 'इंटरनॅशनल'च्या बोर्डांचा याच्याशी फारसा संबंध नाही, ते सोडा.) पण त्या सोयीचं गणित बदल्या चालू राहतील यावर बसवलंय. आम्ही तीन वर्षांनी पुण्याला येणार. पुण्यात आयबी शाळा आहेत, फक्त ती फी तेव्हा माझ्या खिशातून जाईल.

तर शीटमध्ये चौथा कॉलम टाकला, 'परत आल्यावर'. आयबी आणि ब्रिटिश, दोन्हीच्या पुढे लाल. जर्मन शाळेपुढे पिवळा : जर्मन फक्कड येईल, इंग्रजी कच्चं राहील, मराठी लिहिणं पूर्ण आमच्यावर. बायको म्हणाली, "इंग्रजी तर तुझ्या ऑफिसच्या कॉलवरून पण शिकेल ती." जर्मन शाळा ठरली. बालभारतीची पुस्तकं साईटवरून फुकट उतरवता येतात, तिसरीपर्यंतची उतरवून घेतलीत.

शहाजीराजांनी दिले तसे नावाजलेले अध्यापक आमच्याकडे एकच आहेत, आणि त्यांना शेंगेन व्हिसावर एका वेळी नव्वदच दिवस राहता येतं. परवा आबांच्या पासपोर्टचा फॉर्म भरला. पाढ्यांची वही आणि शुगरच्या गोळ्या हॅन्डबॅगेत चालतात का, ते त्यांनी तेवढं विचारलंय.