ग्रँट, इमोजेन

(२६ फेब्रुवारी १९९६– ). ब्रिटिश नौकानयनपटू व डॉक्टर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी एमिली क्रेग यांच्यासह महिलांच्या लाइटवेट डबल स्कल्सचे (हलक्या वजनगटातील दुहेरीचे) सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिकमधली ही या प्रकाराची शेवटची शर्यत होती.

केंब्रिजसारख्या नौकानयनाच्या गावी त्यांचा जन्म झाला. तरी वल्हे हातात आले ते २०१४ मध्ये, ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकीय शिक्षण सुरू झाल्यावर. अव्वल दर्जाच्या खेळाडूसाठी ही सुरुवात उशिराचीच. पुढची प्रगती मात्र झपाट्याची झाली. २०१७ आणि २०१८ मध्ये ऑक्सफर्डविरुद्धची बोट रेस जिंकणाऱ्या केंब्रिजच्या महिला संघात त्या होत्या. २०१८ मध्येच प्लॉव्हदिव्ह (बल्गेरिया) येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी लाइटवेट एकेरीचे कांस्यपदक मिळवले आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रियात क्रेग यांच्याबरोबर दुहेरीचे.

लाइटवेट गटाचे नियम समजल्याशिवाय या कारकिर्दीचे मोल कळत नाही. नौकानयनात उंच, धिप्पाड खेळाडूंचे वर्चस्व असते, कारण वल्ह्याचा पल्ला आणि ताकद या दोन्ही गोष्टी शरीराच्या आकारावर बऱ्याच अंशी ठरतात. लहान चणीच्या खेळाडूंनाही वाव मिळावा म्हणून हा गट निर्माण झाला. महिलांच्या दुहेरीत एकीचेही वजन ५९ किलोंपेक्षा जास्त चालत नाही आणि दोघींची सरासरी ५७ किलोंवर जाता कामा नये. एकीचे वजन ५८ किलो भरले, तर दुसरीला ५६ वर यावेच लागते. वजन शर्यतीच्या दिवशी, सुरुवातीला एक ते दोन तास उरलेले असताना घेतले जाते. अंगात २००० मीटर जीव तोडून वल्हवण्याची ताकद हवी आणि त्याच सकाळी काटाही हललेला चालत नाही. दोघींचे खाणेपिणे, झोप, सराव सारे एकमेकींच्या वजनाशी बांधलेले असते. क्रेग या ग्रँट यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या आणि २०१६ मध्ये लाइटवेट चौकडीत जगज्जेत्या ठरलेल्या, म्हणजे या शिस्तीत आधीच मुरलेल्या होत्या.

टोकियो ऑलिंपिकमधली या दुहेरीची अंतिम शर्यत (२९ जुलै २०२१) या खेळातल्या विलक्षण चुरशीच्या शर्यतींत गणावी लागेल. इटलीने ६ मिनिटे ४७.५४ सेकंदांत सुवर्ण जिंकले. फ्रान्सला रौप्य आणि नेदरलँड्सला ६:४८.०३ वेळेसह कांस्य मिळाले. ब्रिटनच्या ग्रँट–क्रेग जोडीची वेळ होती ६:४८.०४. चार बोटी अवघ्या अर्ध्या सेकंदात आल्या आणि पदक हुकले एक शतांश सेकंदाने. बोटीच्या त्या वेगाचा हिशेब केला, तर हे अंतर जेमतेम पाच सेंटिमीटर भरते.

ग्रँट त्यानंतर केंब्रिजला अभ्यासाकडे परतल्या, पण वल्हे खाली ठेवले नाही. २०२२ मध्ये त्या तिसऱ्यांदा बोट रेसला उतरल्या. पटनी ते मॉर्टलेक असे सुमारे ६.८ किलोमीटरचे थेम्सचे अंतर, आठ वल्हेकऱ्यांची बोट आणि वजनाची कोणतीही मर्यादा नाही. संघात टोकियोत सुवर्ण जिंकलेल्या न्यूझीलंडच्या ग्रेस प्रेंडरगास्टही होत्या. केंब्रिजने ही शर्यत विक्रमी वेळेत जिंकली. हलक्या गटातली खेळाडू अशा बोटीत आपली जागा मिळवते, यातच तिच्या तंत्राची खरी पावती आहे.

दुहेरीत ग्रँट–क्रेग जोडी टोकियोनंतर अजिंक्य राहिली. राचित्से (२०२२) आणि बेलग्रेड (२०२३) येथे त्यांनी जागतिक विजेतेपद मिळवले. २ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसजवळच्या वेअर-सुर-मार्न येथे ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत त्या ६:४७.०६ वेळेसह पहिल्या आल्या. दुसऱ्या क्रमांकावरची रोमानियाची बोट जवळजवळ पावणेदोन सेकंद मागे होती. टोकियोत शतांशावर झालेला निकाल पाहता हे अंतर प्रचंडच म्हणायला हवे.

महिलांचा हा प्रकार ऑलिंपिकमध्ये १९९६ ला अटलांटात आला. पहिली तीन सुवर्णपदके रोमानियाच्या कॉन्स्टान्ता बुर्चिका यांनी जोडीदार बदलून मिळवली. ब्रिटनला ग्रँट व क्रेग यांच्याआधी लंडनमध्ये (२०१२) सोफी हॉस्किंग व कॅथरीन कोपलंड यांनी सुवर्ण मिळवून दिले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लाइटवेट शर्यती नाहीत. त्यांच्या जागी किनाऱ्यावरून धावत सुरू होणाऱ्या सागरी शर्यती आल्या आहेत. ५७ किलोंच्या खेळाडूंना ऑलिंपिकचे दार बऱ्याच अंशी बंद करणारा हा निर्णय खेळाचे नुकसान करणारा आहे.

पॅरिसनंतर क्रेग निवृत्त झाल्या. ग्रँट विजयानंतर काही दिवसांतच स्लाऊ येथील रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर म्हणून रुजू झाल्या.