काळ्या पाषाणातील पाणी : हापसा, मिशनच्या कार्यशाळा आणि देखभालीचा प्रश्न

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टॉवर चौकापासून दक्षिणेकडे निघाल्यास इंदूर, निमाड, खानदेश आणि मराठवाडा ओलांडून सोलापूरपर्यंत बहुतेक ठिकाणी पायाखाली एकच खडक लागतो. ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेला हा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. माळव्याचे पठार आणि मराठवाडा यांच्यात भाषेचे व प्रशासनाचे कितीही अंतर असले तरी पाण्याच्या बाबतीत त्यांचे दैव एक आहे. या खडकात वाळूसारखी पोकळी नसते. पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. पावसाळ्यात तुडुंब दिसणारी विहीर म्हणूनच चैत्र-वैशाखात तळ गाठते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या धर्मादाय संस्था या प्रदेशात पाणी घेऊन आल्या, तेव्हा त्यांची गाठ याच खडकाशी पडली. बाहेरची मदत गावात केव्हा रुजते आणि केव्हा वाया जाते, हे त्या प्रयत्नांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

पाण्याचे दान या प्रदेशाला नवे नव्हते. महेश्वरहून राज्यकारभार करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी माळव्यात आणि माळव्याबाहेर विहिरी, बारवा व घाट बांधले. औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने नहर काढली. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगत पाणचक्की उभी राहिली आणि तेथील फकीर व यात्रेकरूंसाठी तिच्यावर धान्य दळले जाऊ लागले. या परंपरेतील वक्फची कल्पना येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वक्फमध्ये मूळ मिळकत राखून ठेवायची आणि फक्त तिचे उत्पन्न खर्च करायचे असते. हनफी विधीनुसार त्या उत्पन्नावर पहिला हक्क मिळकतीच्या दुरुस्तीचा असतो. दान देतानाच देखभालीची तरतूद करण्याचा हा विचार होता. व्यवहारात तो नेहमी पाळला गेला असे नाही, पण तत्त्व स्पष्ट होते.

विसाव्या शतकातील मदतीचे स्वरूप निराळे होते. १९६६-६७ साली बिहार व उत्तर प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. परदेशी चर्चच्या मदतसंस्था, ब्रिटनमधील ऑक्सफॅम आणि संयुक्त राष्ट्रांची युनिसेफ यांनी धान्याबरोबरच पाण्याकडेही लक्ष वळवले. प्रॉटेस्टंट व कॅथलिक संस्थांच्या सहकार्यातून १९६६ मध्ये ‘अफ्रो’ (अॅक्शन फॉर फूड प्रॉडक्शन) ही संस्था स्थापन झाली. १९६७ मध्ये युनिसेफने कठीण खडक फोडणारी छिद्रण यंत्रे भारतात आणली. दाबाखालील हवेवर चालणारा हातोडा थेट छिद्राच्या तळाशी आघात करी. त्यामुळे कित्येक आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांत होऊ लागले. महाराष्ट्रात जालना येथे स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन आणि अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर जिल्हा) वडाळा येथे अमेरिकन मराठी मिशन यांनी अशा कामाला आधीच हात घातला होता.

विंधन विहीर झाली, पण तिने एक नवी अडचण उभी केली. तिचे तोंड जेमतेम वीतभर रुंद. त्यात बादली जात नाही, पोहरा जात नाही. पाणी वर आणायचे तर पंप हवाच. त्या काळी बसवले जाणारे ओतीव लोखंडी पंप हे युरोप-अमेरिकेतील शेतघरांसाठी तयार झालेल्या नमुन्यांच्या नकला होत्या. एका कुटुंबाने दिवसातून काही वेळा वापरावा अशी त्यांची घडण होती. गावात मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांच्यापुढे घागरींची रांग लागे. सांधे झिजत, दांडा मोडे, बीड तडकत असे. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बंद असल्याचे आढळले. यंत्रे आली होती, पैसाही खर्च झाला होता, छिद्रांत पाणीही होते. तरीही बायका पुन्हा जुन्या बारवेकडे वळल्या होत्या.

या अपयशावरचा उपाय परदेशातील प्रयोगशाळेत सापडला नाही, हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. मोडलेले पंप जेथे दुरुस्तीला येत, त्या मिशनच्या साध्या कार्यशाळांतून तो पुढे आला. जालना येथे ओतीव लोखंडाऐवजी पोलादी पत्रा व नळ जोडून पंप बनवण्यात आला आणि दांड्याचे अनेक सांधे काढून एकच खिळ ठेवण्यात आली. वडाळ्यातही असाच प्रयत्न झाला. स्वीडिश मिशनशी संबंधित सोलापूर वेल सर्व्हिसच्या पंपाने याच वाटेवर आणखी मजल मारली. त्यात दांड्याच्या टोकाला वर्तुळखंड बसवून त्यावरून सायकलच्या साखळीसारखी साखळी सोडली होती. दांडा वरखाली होताना साखळी आतील सळई सरळ उभ्या रेषेत ओढी. ओढ तिरपी पडत नसल्यामुळे सळई घासली जात नसे, आणि दांड्याच्या खिळीला बेअरिंग असल्यामुळे झीजही कमी होई. वेल्डिंग, कापणी आणि छिद्रण येत असलेल्या कोणत्याही मध्यम कार्यशाळेत हा पंप बनू शकत होता.

१९७५ नंतर भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासची यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्था यांनी सोलापूर पंपाला आधार मानून नवा नमुना तयार केला. कोइमतूर परिसरातील खोल विहिरींवर त्याची कसून परीक्षा झाली. १९७७-७८ च्या सुमारास मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात उत्पादन सुरू झाले, आणि १९७९ मध्ये भारतीय मानक संस्थेने त्याचे मानक प्रसिद्ध केले. ‘इंडिया मार्क दोन’ या नावाने ओळखला जाणारा हा पंप कोणाच्याही एकाधिकाराखाली ठेवला गेला नाही. आराखडा सर्वांना खुला होता. मात्र दर्जाची तपासणी सक्तीची होती. पुढील दोन दशकांत देशात असे दहा लाखांहून अधिक पंप बसले आणि आफ्रिकेतील अनेक देशांतही ते गेले. मराठी माणूस ज्याला ‘हापसा’ म्हणतो, त्याचे सर्वपरिचित रूप हेच.

पंप टिकाऊ झाला तरी तो कधीतरी बंद पडणारच होता. तो दुरुस्त कोणी करायचा, हा प्रश्न उरला. तमिळनाडूत १९७६ पासून त्रिस्तरीय व्यवस्था आली : गावात एक राखणदार, तालुका पातळीवर मिस्त्री आणि जिल्ह्याला फिरते पथक. राजस्थानातील तिलोनियाच्या समाजकार्य व संशोधन केंद्राने याहून साधा मार्ग धरला. तेथे खेड्यातील तरुणांनाच प्रशिक्षण देऊन हातपंप मिस्त्री करण्यात आले. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेशातील बांदा परिसरात, नेदरलँड्सच्या साहाय्याने चालणाऱ्या महिला समाख्या कार्यक्रमातून ग्रामीण स्त्रियांनी पाने आणि लोखंडी तिकाटणे हाती घेतली. यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती. पंप बंद पडला की ज्यांच्या डोक्यावरचा हंडा मैलभर लांब जातो, त्यांच्याकडेच दुरुस्तीचे ज्ञान गेले. परिणामी तक्रार आणि दुरुस्ती यांच्यातील अंतर कमी झाले.

या व्यवस्थेवर काय अवलंबून होते, हे नारूच्या इतिहासावरून कळते. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे पाण्यात उतरत. नारूची अळी तेथेच पाण्यात मिसळे आणि पिणाऱ्याच्या पोटात जाई. वर्षभराने हातभर लांबीचा जंत पायातून बाहेर पडे. नेमक्या पेरणीच्या हंगामात शेतमजूर अंथरुणाला खिळे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये या रोगाने ग्रासलेली होती. १९८४ मध्ये देशात सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले. या रोगावर लस नव्हती, जंत मारणारे औषधही नव्हते. पाणी गाळून पिणे, विहिरींवर औषध टाकणे, पायऱ्या बुजवणे आणि हातपंप बसवणे एवढेच उपाय होते. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. हापसा बंद पडलेल्या गावाला पुन्हा बारवेत उतरावे लागले असते, तर हे घडणे कठीण होते.

या यशाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. मार्क दोनच्या दुरुस्तीसाठी संपूर्ण जड नळ वर काढावा लागे. गावातील दोन माणसांचे ते काम नव्हते. म्हणून ऐंशीच्या दशकात आतील दट्ट्या नळ न हलवता काढता येईल असा मार्क तीन पंप तयार करण्यात आला. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. सिंचनाच्या विजेच्या पंपांनी भूजल इतके खाली नेले की अनेक ठिकाणी हापसा पोहोचेनासा झाला. माळव्यातील देवासला १९९० मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले. कार्यशाळेतील कोणतीही सुधारणा यावर उपाय ठरू शकत नव्हती, कारण प्रश्न यंत्राचा राहिला नव्हता. पाण्याच्या वाटपाचा झाला होता.

२०१९ मध्ये जल जीवन मिशन जाहीर झाल्यापासून खेड्यात हापशाची जागा नळ घेत आहे. या योजनेत गावातील खर्चाचा काही वाटा लोकवर्गणीतून आणि देखभाल गावच्या पाणी समितीकडे, असा नियम आहे. म्हणजे वक्फच्या तत्त्वात जो प्रश्न होता आणि १९७४ च्या पाहणीने जो उघड केला, तोच पुन्हा समोर आहे. समुदाय महाविद्यालयांच्या दृष्टीने यात एक ठोस काम दडलेले आहे. नळजोडणी, पंपदुरुस्ती, पाणी तपासणी आणि समितीचे हिशेब हे चार विषय कोणत्याही अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमात बसतात. सोलापूर आणि जालन्याच्या कार्यशाळांना बाहेरून पैसा व यंत्रे मिळाली हे खरे. पण मोडलेला पंप उघडून त्यात काय झिजले आहे हे पाहण्याची सवय तेथील मिस्त्र्यांची होती. तीच सवय पुढच्या पिढीला शिकवण्याची जबाबदारी आता शिक्षणसंस्थांवर येते.