हेडर-नळ्यांची घडण : एंजिन-बदलाच्या इतिहासातील एक प्रकरण

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्रविद्येच्या इतिहासात शोधकाचे व कारखानदाराचे नाव सहसा टिकून राहते. परंतु एका कारखान्याचे एंजिन दुसऱ्या कारखान्याच्या गाडीत बसवणाऱ्या कारागिराची दखल क्वचितच घेतली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण कॅलिफोर्नियात ह्या कारागिरीला जे विलक्षण भरते आले, त्याचा सर्वांत बोलका अवशेष म्हणजे ‘हेडर’ ह्या नावाने ओळखला जाणारा निष्कास-नळ्यांचा जुडगा होय. सिलिंडरांतील जळका वायू एकत्र करून मागे नेणारा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड काढून टाकावयाचा आणि त्याच्या जागी प्रत्येक सिलिंडरास पोलादी पत्र्याची स्वतंत्र नळी द्यावयाची, एवढेच त्याचे स्वरूप आहे.

हेडर हा निष्कासाच्या शास्त्रीय सिद्धांताचा व्यावहारिक उपयोग होय, असे सामान्यतः समजले जाते. हा समज अर्धाच खरा आहे. शर्यतीच्या गाड्यांत वेगाची हाव हे हेडरचे मूळ कारण होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एंजिन-बदलाच्या गाड्यांत नळ्यांचा आकार प्रथम जागेच्या अडचणीने ठरवला, आणि सिद्धांताने त्याला नंतर कारण पुरवले. हा क्रम उलटा मांडला, तर कारागिराचे श्रेय नाहीसे होते.

२. फोर्डचे एंजिन आणि त्याचा दोष

१९३२ साली फोर्ड कंपनीने २२१ घन इंचांचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ एंजिन सामान्य ग्राहकाच्या आटोक्यातील गाडीत दिले. त्याच्या झडपा सिलिंडरांच्या बाजूस, ठोकळ्यातच बसवलेल्या होत्या. त्यामुळे जळक्या वायूला ठोकळ्याच्या पोटातून, थंड पाण्याच्या पोकळीजवळून वाट काढत बाहेर यावे लागे. त्यातही प्रत्येक ओळीतील मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच निष्कासद्वार होते. म्हणजे चार सिलिंडरांना द्वारे तीनच. एंजिन फार तापते ही जी तक्रार पुढे सर्वत्र झाली, तिचे एक प्रमुख कारण ह्या रचनेत होते. बाहेर कितीही उत्तम नळ्या लावल्या, तरी मधल्या दोन सिलिंडरांचे वायू आतच एकत्र होत असल्यामुळे त्यांचा लाभ मर्यादित राही.

तरीही हे एंजिन स्वस्त व मुबलक असल्याने तरुणांच्या हाती पडले. कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर वेगाची परीक्षा घेणाऱ्या मंडळींनी १९३७ साली ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. जुन्या गाड्यांना वेगवान करण्याचा हा छंद महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी सुरू केला, असे जे वारंवार सांगितले जाते, ते ह्या एका सनावरूनच अपुरे ठरते. युद्धाने छंद जन्मास घातला नाही. त्याने छंदाला अवजारे, कौशल्य आणि माणसे दिली. १९४९ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला ‘स्पीड वीक’ भरला, तेव्हा हे परिवर्तन पूर्ण झालेले होते.

३. नवी एंजिने, जुनी चौकट

१९४९ साली कॅडिलॅक व ओल्ड्समोबिल ह्यांची, डोक्यावर झडपा असलेली व्ही-८ एंजिने बाजारात आली. कॅडिलॅकचे एंजिन ३३१ घन इंचांचे व १६० अश्वशक्तीचे होते. १९५१ साली क्रायस्लरचे १८० अश्वशक्तीचे आणि १९५५ साली शेव्हरोलेचे २६५ घन इंचांचे, तुलनेने हलके एंजिन आले. अपघातग्रस्त नव्या गाडीतील एंजिन काढून जुन्या फोर्डच्या चौकटीत बसवण्याची प्रथा ह्यामुळे झपाट्याने वाढली. तिचे लोण अमेरिकेपुरते राहिले नाही. १९५० च्या ल माँ शर्यतीत सिडनी ॲलार्ड व टॉम कोल ह्यांनी कॅडिलॅकचे एंजिन बसवलेली इंग्लिश गाडी तिसऱ्या क्रमांकाने आणली. १९६२ साली कॅरोल शेल्बी ह्यांनी ए. सी. कंपनीच्या गाडीत फोर्डचे व्ही-८ बसवून ‘कोब्रा’ सिद्ध केली.

ह्या नव्या एंजिनांची निष्कासद्वारे डोक्याच्या बाहेरील अंगास असल्याने एंजिन वरच्या भागात रुंद होई. जुनी चौकट मात्र अरुंद, आणि तिच्या डाव्या अंगास सुकाणूची पेटी व दांडा. मूळ गाडीसाठी ओतलेला मॅनिफोल्ड नेमका ह्या पेटीवर आदळे. कारखान्याला साचा बदलणे शक्य होते; परंतु एकाच गाडीसाठी ओतकामाचा साचा करणे कारागिराला परवडणारे नव्हते. नळी मात्र कापता येते, वाकवता येते, जोडता येते. एंजिन-बदल आणि हेडर ह्यांची सांगड ह्या आर्थिक कारणाने पडली.

ह्याला अपवादही होते. मेंढ्याच्या शिंगासारख्या आकारामुळे त्याच नावाने ओळखला जाणारा शेव्हरोलेचा ओतीव मॅनिफोल्ड मध्यभागी सरळ खाली उतरत असल्याने अनेक चौकटींत सहज बसे, आणि ज्यांना तो साधला त्यांनी तो सोडला नाही. अडचण नसेल तेथे स्वस्त उपाय पत्करला गेला, हे ह्या अपवादाने उलट अधिकच स्पष्ट होते.

४. जोडकामाचा वारसा

पातळ नळ्यांचे जोडकाम आरंभी ऑक्सिजन व ॲसिटिलीन ह्यांच्या ज्योतीने होई. दुसऱ्या पद्धतीचा उगम कॅलिफोर्नियातील विमान-उद्योगात आहे. नॉर्थ्रॉप कंपनीतील रसेल मेरेडिथ ह्यांनी मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठी टंगस्टनचा विद्युदग्र आणि हेलियम वायूचे आवरण ह्यांवर आधारलेली पद्धत विकसित केली. तिचे पेटंट १९४२ साली मिळाले. हेलियमवरून तिला ‘हेलिआर्क’ हे नाव पडले. युद्धोत्तर काळात ती विमानशाळांबाहेर पसरली आणि पातळ नळ्यांच्या सुबक जोडकामाची कसोटी बनली. ज्या प्रदेशात विमानांचे कारखाने होते त्याच प्रदेशात ही कारागिरी बहरली, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

प्रत्यक्ष कामाचा क्रम लक्षात घेतला, म्हणजे ह्या विद्येतील कसब कोठे आहे ते कळते. एंजिन चौकटीत अखेरच्या जागी बसवावयाचे. सुकाणू, क्लचचा दांडा, स्टार्टर हे सर्व जागेवर ठेवावयाचे. मगच नळ्यांना हात घालावयाचा. जाड पत्र्याचा फ्लँज डोक्याला बोल्टांनी आवळल्यावर सर्वांत अडचणीच्या जागेतील नळी आधी घेतली जाते, कारण सोप्या नळ्या उरलेल्या जागेतून वाट काढू शकतात. तयार वाकांचे तुकडे कापून, खडूने खुणा करून, तोंडे कानशीने घासून फट न राहील असे जुळवतात आणि छोट्या टाक्यांनी तात्पुरते धरतात. स्पार्क प्लगपर्यंत पाना पोहोचतो की नाही, रबरी बैठकींवर एंजिन हलले तर नळी कोठे घासेल, हे येथेच पाहावे लागते. नंतर जुडगा बाहेर काढून सांधे पूर्ण करतात. त्या वेळी फ्लँज जाड पट्टीला आवळून ठेवला नाही, तर उष्णतेने तो वाकतो व गॅस्केटातून वायू गळतो. सुमारे ९० सेंटिमीटरची पोलादी नळी ५०० अंशांनी तापली की ती सुमारे ५ मिलिमीटरने लांबते. ही वाढ सामावून घेण्याची सोय नसेल, तर चांगला सांधाही कालांतराने तडकतो. जस्ताचा मुलामा असलेल्या नळीला ज्योत लावली तर विषारी धूर निघतो; म्हणून अशी नळी वर्ज्य मानतात.

५. सिद्धांताचा प्रवेश

झडप उघडताच दाबाची लाट नळीतून धावते. नळीच्या उघड्या टोकाशी ती उलट्या स्वरूपात, म्हणजे कमी दाबाची होऊन, परत फिरते. ती योग्य क्षणी झडपेशी पोहोचली, तर उरलेला वायू ओढून घेते. तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५५० मीटरच्या आसपास धरला, तर ९० सेंटिमीटरच्या नळीत जाऊन येण्यास सुमारे ३.३ सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या गतीस हा काळ एका फेरीचा तिसरा हिस्सा, तर ३,००० फेऱ्यांच्या गतीस सहावा हिस्सा होय. म्हणून कोणतीही एक लांबी सर्व गतींना लाभदायक ठरत नाही.

दुसरी अडचण स्फोटक्रमाची. शेव्हरोलेच्या व्ही-८ चा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा असून विषम अंकांचे सिलिंडर डाव्या ओळीत आहेत. त्यामुळे डावीकडे ५ व ७, तर उजवीकडे ८ व ४ हे लागोपाठ पेटतात आणि एका ओळीच्या चार नळ्या एकत्र केल्यास ठोके समान अंतराने पडत नाहीत. ह्यावर शर्यतीच्या गाड्यांत दोन्ही ओळींच्या नळ्या एकमेकींत ओवण्याचा उपाय झाला. फोर्ड जीटी-४० च्या मागील भागातील सर्पांच्या वेटोळ्यासारखा जुडगा त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. कव्हेंट्री क्लायमॅक्सने मात्र १९६३ साली आपल्या व्ही-८ चा भुजादंडच सपाट रचनेचा करून नळ्यांची ही गुंतागुंत टाळली. पुढून एंजिन असलेल्या बदललेल्या गाडीत तर अशा ओवलेल्या नळ्यांना बहुधा जागाच नसते. तेथील कारागीर नळ्यांच्या समान लांबीचे तत्त्व जाणत असे. परंतु सुकाणूच्या दांड्यापुढे ते त्याला सोडावे लागे.

६. उपसंहार

१९५७ व १९५८ साली इंडियानापोलिसची शर्यत जिंकणाऱ्या गाडीवर बेलाँड ह्या हेडर-उत्पादकाचे नाव होते. दुकानातील कारागिरीचे उद्योगात रूपांतर झाले होते. ठराविक गाडी व ठराविक एंजिन ह्यांच्यासाठी तयार हेडर विकले जाऊ लागले. त्यानंतर वायुप्रदूषणाचे कायदे आले. १९७५ च्या सुमारास गाड्यांत उत्प्रेरक परिवर्तक बसले आणि निष्कासमार्ग हा मालकाच्या खाजगी अखत्यारीतील विषय राहिला नाही. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक अलीकडील गाड्यांना आज मान्यताप्राप्त हेडरच लावावे लागतात. लॉस एंजलिसच्या धुरक्याचा इतिहास पाहता हे निर्बंध अन्याय्य म्हणता येत नाहीत. परंतु एकाच गाडीसाठी हाताने घडवलेल्या नळ्यांची वाट त्यामुळे शर्यतीच्या मैदानाकडे व फार जुन्या गाड्यांकडे वळली, हेही तितकेच खरे आहे.

अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा पुराव्याचा आहे. ह्या कारागिरांनी आराखडे क्वचितच काढले. मोजमाप चौकटीतच झाले आणि तेथेच राहिले. अशा स्थितीत जुना हेडर हाच दस्तऐवज होय. त्यातील प्रत्येक अनपेक्षित वाक तेथे पूर्वी असलेल्या एखाद्या दांड्याची साक्ष देतो, आणि प्रत्येक सांधा तो कोणत्या पद्धतीने जोडला हे सांगतो. संग्रहालयांत एंजिने जतन होतात. त्यांच्यावरून उतरवलेल्या नळ्या मात्र बहुधा भंगारात जातात. त्यांच्याबरोबर लिखित साधनांत कोठेही न सापडणारी माहितीही नष्ट होते.