टाकाऊ मांसाची मेजवानी

आइसलंडच्या कोळ्यांना ग्रीनलंड शार्क हवा असे तो त्याच्या यकृतासाठी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपातल्या शहरांचे रस्ते रात्री उजळू लागले आणि त्या दिव्यांत जळणाऱ्या तेलात या शार्कचाही वाटा होता. यकृत काढायचं, त्याचं तेल गाळून पिंपं भरायची आणि ती डेन्मार्कला धाडायची, असा तो व्यवहार. उरलेल्या अवाढव्य देहाला बाजारात किंमत नव्हती. आज त्या तेलाची आठवण संग्रहालयांपुरती उरली आहे. टाकाऊ मांसाचा मात्र राष्ट्रीय पदार्थ झाला. त्याचं नाव हाकार्ल.

मासा आहे सहा मीटरपर्यंत वाढणारा, हजार किलोच्या पुढे जाणारा. उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या बर्फगार पाण्यात तो राहतो. दोन हजार मीटरहून खोलवरही दिसला आहे. पोहण्याचा वेग सेकंदाला साधारण 34 सेंटिमीटर, म्हणजे रांगणारं मूलही त्याला मागे टाकेल. अनेकांच्या बुबुळांना एक परजीवी कवच-प्राणी चिकटलेला असतो आणि त्यामुळे नजर अधू होत असावी. तरी त्याच्या पोटात सील सापडतात. झोपलेले सील तो गाठत असावा, असा तर्क आहे.

त्याला पकडायला लोक भर हिवाळ्यात उघड्या होड्यांतून जात. दोराच्या टोकाला लोखंडी साखळी, तिला मोठा गळ, गळाला सीलची चरबी किंवा घोड्याचं मांस. नांगर टाकून वाट बघत बसायचं, कधी काही दिवस. अशा होड्यांपैकी ‘ओफेइगुर’ आजही पाहायला मिळते. किनाऱ्याला वाहून आलेल्या ओंडक्यांतून ती 1875 साली बांधली गेली आणि आता रेइकिर इथल्या संग्रहालयात आहे. लाकूडही समुद्रानेच द्यावं लागे, यातच या देशाची सगळी अडचण आली.

कारण आइसलंडमध्ये जंगल जवळजवळ उरलं नव्हतं. सरपण नाही, म्हणून समुद्राचं पाणी आटवून मीठ करता येत नाही. मीठ बाहेरून आणावं तर 1602 ते 1787 सगळा व्यापार डॅनिश मक्तेदारीत अडकलेला. चारही बाजूंनी खारं पाणी आणि घरात मिठाची टंचाई! त्यामुळे आइसलंडचं साठवणीचं शास्त्र मिठावाचून घडलं. मासे वाऱ्यावर वाळवले, मांस आंबट निवळीत बुडवलं किंवा धुरावर धरलं. आणि शार्क पुरला.

पुरावा लागला, कारण ताजा खाल्ला तर तो बाधतो. शार्कच्या अंगात युरिया भरपूर असतो. समुद्राच्या खारटपणात शरीरातलं पाणी टिकवण्याची ती त्यांची रीत आहे. पण युरियाने प्रथिनं बिघडतात, म्हणून त्यावर उतारा ठरणारं ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड हे दुसरं रसायनही अंगात असतं. खोल पाण्याच्या दाबातही तेच प्रथिनांना सांभाळतं, म्हणून खोलवरच्या माशांत ते जास्त. पोटात गेल्यावर त्याचं ट्रायमिथाइलअमाइन बनतं आणि खाणारा दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. ग्रीनलंडमधली स्लेज ओढणारी कुत्री ताजं मांस खाऊन अशीच कोलमडत. तिथले लोक ते वाळवून किंवा पाणी बदलत पुन्हा पुन्हा उकळून मगच वापरत. कोकणात मोरी, म्हणजे तिथला शार्क, खाणाऱ्यांना यातला अर्धा धडा ठाऊक असतो. शिळ्या मोरीला येणारा उग्र दर्प त्याच युरियापासून सुटलेल्या अमोनियाचा.

उकळायला आइसलंडकडे सरपण कुठलं? म्हणून किनाऱ्याच्या वाळू-खडीत उथळ खड्डा करून त्यात मांसाचे तुकडे रचत, वर खडी आणि मोठे दगड ठेवत. सहा ते बारा आठवडे. दगडांच्या भाराने पाणी निथळून खडीत झिरपे आणि आत जिवाणूंचं काम चाले. इडलीचं पीठ आंबतं तेव्हा आम्ल वाढतं. इथे उलट घडतं. युरियाचा अमोनिया होतो, मांस अल्कधर्मी बनतं आणि घातक जंतूंना ते मानवत नाही. मग लांब पट्ट्या कापून वाऱ्याला मोकळ्या असलेल्या लाकडी खोपटात चार-पाच महिने टांगायच्या. वर तपकिरी साल धरते. ती तासून आतल्या मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. पोटाकडचं मांस लालसर आणि चिवट, अंगाचं पांढरट आणि मऊ. दर्दी लोक यातही आवडनिवड ठेवतात.

त्या वासावरून एक वावडी उठली, ती अजून मिटलेली नाही: हाकार्ल मुतात मुरवतात. तसं कधीच नव्हतं. पण इनुइट लोकांतली एक कथा याच वासाशी नातं सांगते. एका म्हातारीने मुताने केस धुतले, पुसलेलं फडकं वाऱ्याने समुद्रात उडालं आणि त्याचा पहिला शार्क झाला. रसायनशास्त्र हाती नसताना युरियाचा इतका नेमका माग काढणाऱ्यांना दाद द्यायला हवी.

आता प्रश्न असा की, टंचाईतला घास सणाचा कसा झाला? 1873 साली कोपनहेगनमधल्या आइसलंडी विद्यार्थ्यांनी थोर्राब्लोट ही जुन्या नावाची हिवाळी मेजवानी नव्याने भरवली. डेन्मार्कपासून वेगळेपणाची जाणीव वाढण्याचे ते दिवस होते. तरी आजचं ताट त्याहून अलीकडचं. रेइक्याविकच्या ‘नाउस्टिद’ या हॉटेलने 1958 साली हाकार्ल, आंबवलेलं मांस आणि सुके मासे एका लाकडी तबकात मांडून गावाकडचं जेवण म्हणून विकायला काढले. शहरात येऊन स्थिरावलेल्या पिढीला ते आवडलं. ज्याला परंपरा म्हणतात, तिच्यात हॉटेलवाल्याचा हात बऱ्यापैकी असतो. इथे तो सरळ दिसतो, एवढंच. सोबत ब्रेन्निवीन ही शहाजिऱ्याच्या स्वादाची दारू आली. बाहेरच्यांसाठी तर हाकार्ल धाडसाची परीक्षाच झाला आहे. अँथनी बोर्डेनसारख्या जगभर खाऊन फिरलेल्या माणसानेही तो आपल्या सर्वांत वाईट अनुभवांत मोजला.

माशाचं वय कळलं ते यानंतर फार उशिरा. 2016 साली ‘सायन्स’ मासिकात डॅनिश संशोधक युलियस निल्सन आणि सहकाऱ्यांनी 28 माद्यांच्या डोळ्यांतल्या भिंगांचं किरणोत्सारी कार्बनने वय काढलं. सर्वांत मोठीचं वय सुमारे 392 वर्षं निघालं, 120 वर्षं इकडे-तिकडे धरून. मादी वयात यायलाच दीडशेच्या आसपास वर्षं लागतात. तेलाच्या काळात मारलेल्या माशांची भरपाई म्हणूनच अजून पूर्ण झालेली असणं कठीण.

आज आइसलंडमध्ये हाकार्लसाठी मुद्दाम शार्क फारसा धरला जात नाही. स्नाइफेल्स्नेस द्वीपकल्पावरच्या ब्यार्नारहोफ्न इथे हाकार्ल बनवणारं एक कुटुंब संग्रहालय चालवतं. दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत चुकून आलेले शार्क तिथे येतात. खड्ड्याऐवजी आता झिरपणाऱ्या पेट्या वापरतात. वायव्य अटलांटिकच्या आंतरराष्ट्रीय पाण्यात मात्र सापडलेला ग्रीनलंड शार्क बोटीवर ठेवून घेण्यास 2022 साली बंदी घालण्यात आली.