कार्डांची भाषा आणि तिचा पदच्छेद

बोईसरहून चिल्हारच्या रस्त्याला लागले की बेटेगाव येते. तिथल्या घरी माझे रविवार सध्या एका छोट्या कामात जातात. मेनफ्रेम संगणकाला कामांचा क्रम सांगणाऱ्या 'जेसीएल' या भाषेचा पदच्छेद करणारी आज्ञावली, म्हणजे पार्सर, मी लिहितो आहे. ती मुक्त स्रोत म्हणून सर्वांसाठी खुली ठेवण्याचा विचार आहे. काम तांत्रिक, पण ते करताना पडलेला प्रश्न इतिहासाचा आहे. ज्या भाषेवर मुंबई-पुण्यातल्या कितीतरी माणसांनी उमेदीची वर्षे खर्ची घातली, तिच्या वाचनाची साधने बहुतांशी कंपन्यांच्या दाराआडच का राहिली?

जेसीएल जन्मली १९६० च्या दशकात, आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीबरोबर. भोके पाडलेल्या ८० रकान्यांच्या कार्डाचे माप तिच्या अंगात इतके मुरले आहे की कार्डे गेली तरी रकाने राहिले. पहिल्या दोन रकान्यांत तिरप्या रेघा, तिसऱ्यापासून जास्तीत जास्त ८ अक्षरांचे नाव, मजकूर ७१ व्या रकान्यापर्यंतच. एखादी पायरी अटीवर चालवायची असेल तर अट उलटी लिहायची: ती खरी ठरली की पायरी वगळली जाते! ओएस/३६० ची धुरा वाहणाऱ्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी २०१० च्या 'द डिझाइन ऑफ डिझाइन' या पुस्तकात, आपल्याच देखरेखीखाली घडलेल्या या भाषेवर कठोर टीका केली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आपण एक भाषा घडवत आहोत हेच मुळी कोणाच्या ध्यानात आले नाही. सगळे तिला चार नियंत्रण-कार्डे समजत राहिले. मला हे निदान फार मोलाचे वाटते. जिला भाषा मानले नाही, तिचे व्याकरण कोण लिहिणार?

आपल्याकडे ही संस्कृती आली ती वाकड्या वाटेने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० आला. पवईच्या आयआयटीत १९७० च्या दशकात सोव्हिएत बनावटीचा ईसी-१०३० होता, आणि तो आयबीएमच्या ३६० मालिकेशी सुसंगत असा बांधलेला होता. परकीय चलन कायद्याच्या वादातून १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला, तरी तिची घडण अशी रशियन वेषात मुंबईत वावरत होती. असो.

आमच्या विषयाच्या जवळची घटना मात्र १९७४ ची. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसला बरोज या अमेरिकी कंपनीकडून काम मिळाले: रुग्णालयांसाठीची एक प्रणाली बरोजच्या मध्यम यंत्रांच्या कोबॉलमधून छोट्या यंत्रांच्या कोबॉलमध्ये आणायची. बरोजचे यंत्र हाताशी नव्हते. होता तो ब्रिटिश आयसीएल १९०३. तेव्हा फकीरचंद कोहली यांच्या माणसांनी एका कोबॉलचे दुसऱ्या कोबॉलमध्ये रूपांतर करणारी आज्ञावलीच लिहिली. भारतीय सॉफ्टवेअर-निर्यातीच्या अगदी आरंभीच्या कामांपैकी हे एक, आणि त्याच्या मुळाशी होते ते परक्या यंत्राची भाषा यंत्राकडूनच वाचून घेणे. स्वस्त मजुरीची कथा आपण इतक्यांदा ऐकली आहे, की ही बौद्धिक बाजू झाकोळून गेली.

पुढे २००० सालाच्या तारखांच्या गोंधळाने हेच काम प्रचंड प्रमाणावर आणले. जुन्या आज्ञावल्या वाचणारी अवजारे घडली, वापरली गेली. पण ती ग्राहकाच्या करारात आणि मालकी हक्कात बांधलेली. त्यात कोणाची लबाडी नव्हती, व्यवहारच तसा होता. परिणाम एवढाच, की माणसे निवृत्त झाली आणि वाचनाची किल्ली त्यांच्याबरोबर गेली.

मराठी वाचकाला ही स्थिती ओळखीची वाटेल. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे रुमाल आहेत, वाचणारे थोडे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा घराण्यांच्या माळ्यांवरचे कागद बाळबोधीत छापून ते कोणालाही वाचता येतील असे केले. त्यांची काही मते आज टिकत नाहीत. छापलेले कागद मात्र उपयोगी पडतात.

माझ्या कामात कंपन्यांचे कागद वापरता येत नाहीत, ते योग्यही नाही. म्हणून तपासणीसाठी 'हर्क्युलिस' हे मुक्त स्रोत अनुकरण-यंत्र आणि त्यावर चालणारी एमव्हीएस ३.८ ही जुनी, खुली प्रणाली घेतली आहे. अडलो आहे ते एका बारीक नियमापाशी. जेसीएलमध्ये आज्ञेचे घटक संपून मोकळी जागा आली, की त्यापुढचा मजकूर टीप समजला जातो. यंत्राला तो नको असतो, आणि रूढ पार्सर तो टाकून देतो. पण ही पायरी का घातली, कोणत्या महिन्याच्या हिशेबासाठी घातली, हे माणसाने लिहिले असेल तर ते त्याच जागी. त्यामुळे मी टिपा ठेवायच्या ठरवल्या आहेत, रकान्यांच्या क्रमांकांसकट. त्यापायी आज्ञावली दुपटीने लांबली आहे, आणि ओळ पुढच्या कार्डावर गेली की टीप कोणत्या घटकाला जोडायची, हे अजून सुटायचे आहे.